वृक्षबेडकाची कातडी आणि आपली जबाबदारी

वृक्षबेडूक पाळायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, त्याला खायला काय घालायचं? त्याकडे मी जरा उशिरानं वळणार आहे. आधी पाण्याबद्दल बोलू, कारण बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाखालची आणि मांड्यांच्या आतली पातळ कातडी ओल्यात टेकवून तो बसतो आणि तिथूनच पाणी शोषून घेतो. त्याचा थोडाफार श्वासही कातडीतूनच चालतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेलं बरंच काही थेट त्याच्या अंगात जातं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला जाणवतही नाही, पण त्याच्या कातडीला ते सोसत नाही. पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन हे पाणी शुद्ध करायचं दुसरं रसायन मात्र असं उडत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी पाण्यात तेच घालतात. मासे पाळणारे क्लोरीन घालवायला जे द्रावण वापरतात तेच घ्या, फक्त ते क्लोरामाइनवरही चालतं ना, हे बाटलीवर वाचून घ्या. काहीजण डिस्टिल्ड पाणी ठेवतात. फवाऱ्याला ते ठीक आहे, बसायच्या भांड्यात नको. त्यात क्षारच नसतात. आणि बेडूक त्याच भांड्यात घाणही करतो, म्हणून पाणी रोज बदलायचं. यात सवलत नाही.

हात लावण्याचंही तेच. आपल्या तळहाताला मीठ, साबण, क्रीम असं काही ना काही असतंच. उचलणं भागच असेल तर पावडर नसलेले हातमोजे घाला, तेही ओले करून. नंतर हात धुवा, कारण बेडकाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. मुलांना मी स्पष्ट सांगतो, हा प्राणी बघायचा आहे, खेळवायचा नाही.

काचपेटी उंच हवी, कारण तो चढणारा जीव आहे. ऑस्ट्रेलियातल्या गुबगुबीत व्हाइट्स ट्री फ्रॉगला साधारण 45 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 60 सेंटिमीटर उंच पेटी, दिवसा 24 ते 28 अंश तापमान आणि 50 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. मध्य अमेरिकेतल्या लाल डोळ्यांच्या बेडकाला ओल जास्त लागते. पण पेटी सतत चिंब ठेवणं कुणालाच सोसत नाही. हवा खेळली नाही की कातडीवर जिवाणू वाढतात. तळाला बारीक खडी नको, भक्ष्याबरोबर ती पोटात जाते.

आता खाणं. रातकिडे द्या, पण बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत, आणि कॅल्शियमची भुकटी लावून द्या. घास गिळताना तो डोळे मिटतो, कारण डोळ्यांचे गोळे आत ओढले जाऊन घास खाली ढकलायला मदत करतात! हे एकदा बघाच. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. डोळ्यांवर कातडीच्या घड्या लोंबायला लागल्या की लोकांना तो गोड वाटतो, पण तो लठ्ठपणा असतो.

नवा बेडूक आणलात तर निदान महिनाभर वेगळा ठेवा, त्याची भांडी आणि चिमटेही वेगळे. कायट्रिड नावाची बुरशी कातडीतून होणारी क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. 1999 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती तिनं संपवल्या आहेत. म्हणून पाळलेला बेडूक, कितीही निरोगी दिसला तरी, तळ्याकाठी सोडायचा नाही. सांभाळणं जमेना तर दुसरा पाळणारा शोधा. पेटीतलं पाणीही ब्लीच घालून निर्जंतुक केल्याशिवाय ओढ्या-नाल्यात ओतू नका.