आई-वडील बंगळूरला येतात तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना माझा विषय फारच भारदस्त करून सांगितला गेला. मूळ विषय साधा आहे. गावाकडून आई-वडील आले की त्यांना बंगळूर दाखवायचं कुठून? माझं म्हणणं असं आहे की पाण्यापासून. ते का, हे मला अर्ध्या तासात पटवायचंय. घड्याळ समोरच्याच भिंतीवर टांगलंय, तेव्हा मी तिकडे बघणार नाही.

आधी सांगा, आई-वडिलांना मॉलमध्ये किती जणांनी नेलंय? हात वर करा. लाजू नका. हं, जवळजवळ सगळं सभागृह. आणि किती जणांच्या आईनं सरकत्या जिन्यापाशी पदर खोचून "तुम्ही या जाऊन, मी इथंच बसते" म्हटलं? बघा, एकही हात खाली आला नाही.

आपली अडचण मला कळते. सुट्टी एकच मिळते, म्हणून दिवसभराची गाडी ठरवायची. ड्रायव्हरचा मार्ग ठरलेला असतो. विधानसौध, कब्बन पार्क, लालबाग, बसवनगुडीचा नंदी, आणि पाय दुखायला लागले की मॉल. विधानसौधासमोर गाडी मिनिटभर थांबते, तेवढ्यात फोटो उरकायचा. १९५६ साली पुरी झालेली ती इमारत. तिच्या कपाळावर 'सरकारी काम हे देवाचं काम' अशा अर्थाचं वाक्य कोरलंय. आमच्या अप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. त्यांनी मान वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. देवाच्या दारातही रांग असतेच."

लालबागेत काचघरापेक्षा आईला तो उघडा खडक आवडला, ज्याच्यावर केंपेगौडाचा छोटा बुरूज आहे. मी सांगितलं, हा दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. तिनं विचारलं, "मग चपला काढायच्या का?" मी भूगर्भशास्त्र समजावायला लागले, तोवर तिनं काढल्याही होत्या.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट याच्या आधीची, ते आले त्या सकाळची. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आले. स्टेशनाबाहेर पडलो तर समोर मॅजेस्टिकचा बसस्टँड, रिक्षावाले, बसचा धूर, सगळा कल्लोळ. मी पिशव्या मोजतेय आणि अप्पा विचारतात, "या गावाला नदी कुठली?"

आता सांगली-मिरजेच्या माणसाचा हा प्रश्न तुम्ही समजून घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे फोनवर 'कसे आहात' नंतर विचारतात. आधी विचारतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट? २०१९ साली तिथं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्या माणसाला मी सांगितलं, अप्पा, इथं नदी नाही. ते थांबलेच. "एवढं गाव आणि नदी नाही? मग बसवलं कुणी?"

केंपेगौडानं, १५३७ साली. आणि नदी नव्हती म्हणूनच त्यानं आणि त्याच्या मागून आलेल्यांनी तळी बांधली. गंमत अशी की अप्पा ज्या बसस्टँडकडे बोट दाखवत होते, तोच धर्मांबुधी तळ्याच्या पोटात उभा आहे. मी हे सांगितल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उताराचा अंदाज घ्यायला लागले. "पाणी तिकडनं येत असणार. सांडवा कुठं होता?" मंडळी, सकाळचे सहा-साडेसहा, आई चहासाठी थांबलेली, रिक्षावाला मीटरवर दीडपट मागतोय आणि आमच्यात सांडव्याची चर्चा!

घरी आल्यावर पुढचा अंक. आमच्या सोसायटीत कावेरीचं पाणी दिवसाआड येतं, बाकी सगळं बोअर आणि टँकर. अप्पा दुसऱ्या दिवशी फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसले. वॉचमन कलबुर्गीकडचा. अप्पांची काही वर्षं जतला गेलेली, त्यामुळे सीमेवरची कन्नड त्यांना येते. आणि मी? इथं घर घेतलं, मुलं इथंच वाढवली आणि माझी कन्नड भाजीवालीपुढे जाऊन थांबते. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांची 'स्वल्प अडजस्ट माडि', म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', याच्या पुढे गेलेली नाही!

तर तीन दिवसांत अप्पांकडे एक वही तयार. टँकर किती वाजता आला, कुठल्या बोअरवरून भरला, जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, पाणी किती वीत आहे, सगळं लिहिलेलं. खात्यात कालव्याच्या पाण्याचं पाळीपत्रक करायचे, तसंच. टँकरवाला त्यांना 'अज्जा', म्हणजे आजोबा, म्हणायला लागला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं येऊन मला विचारलं, "मॅडम, तुमचे वडील ऑडिटला आलेत का?" मी इतकी वर्षं त्या इमारतीत राहतेय, आमचं पाणी कुठल्या गावाच्या पोटातून येतं, हे मला पाहुण्या वडिलांच्या वहीत वाचायला मिळालं.

आईचं पाणी वेगळं. तिला आम्ही बसवनगुडीला नेलं, कार्तिकातला शेवटचा सोमवार होता, कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा. नंदीच्या देवळापासून रस्ताभर शेंगांचे ढीग. आईनं प्रत्येक ढिगातली एक शेंग फोडून दाणा बघितला. विकत घेतल्या त्या शेवटच्या ढिगातून. "आपल्याकडच्यासारख्या नाहीत" हे वाक्य तीन किलो घेतल्यावर. आणि त्याच नंदीच्या पायाखालून वृषभावती नदी उगम पावते अशी श्रद्धा आहे. आज म्हैसूर रस्त्यानं जाताना नाक दाबायला लावणारा जो नाला दिसतो, तीच ही वृषभावती. अप्पांना म्हटलं, घ्या, सापडली तुमची नदी. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे, मी तर अजून मुद्द्यावर यायचेय.

तर भराभर सांगते. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, एका पाणलोटाच्या पाठीवर बसलंय. पश्चिमेचं पाणी अर्कावतीतून कावेरीला जातं, पूर्वेचं दक्षिण पिनाकिनीला. एका तळ्याचा सांडवा पुढच्या तळ्यात नेणारे नाले होते, त्यांना इथं राजकालुवे म्हणतात. ते बुजवले, तळ्यांवर स्टँड आणि स्टेडियम उभी केली. कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्यावर आहे. म्हणून सप्टेंबर २०२२ च्या पुरात आयटीवाले ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेले आणि मार्च २०२४ मध्ये त्याच भागांत टँकरसाठी भांडणं झाली.

मग पाणी लांबून आणणं आलं. १८९४ ला हेसरघट्ट्याचा तलाव, १९३३ ला तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण, १९७४ ला कावेरी. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून पंपानं आणतात. हा आकडा ऐकल्यावर अप्पांनी पहिल्यांदा या शहराबद्दल आदरानं 'बाप रे' म्हटलं. विधानसौध बघून म्हटलं नव्हतं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं घागरी वाहिल्यात, पाळीसाठी रात्री जागल्यात. या बाबतीत ते आपल्याला शहर दाखवतात. मॉलमध्ये ते नुसते पाहुणे असतात.

माझा मार्ग मल्लेश्वरमचा आहे. काडू मल्लेश्वराचं देऊळ. तिथं आपला माणूसही भेटतो. १६३८ च्या मोहिमेनंतर बंगळूर शहाजीराजांकडे जहागिरीत आलं, आणि त्यांचे चिरंजीव व्यंकोजी, ज्यांना इथं एकोजी म्हणतात, त्यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं, मंडळाचे सेक्रेटरी ऐकतायत ना? समोर रस्ता ओलांडला की नंदीतीर्थ. १९९७ मध्ये मातीखालून मोकळं केलेलं देऊळ. नंदीच्या तोंडातून पिंडीवर पाणी पडतं, पुढं पायऱ्यांचं कुंड. अप्पांना तिथून उठवायला वेळ लागेल, हे धरून चला. तिथून रिक्षानं संकी टँक, म्हणजे १८८२ चं तळं. काठानं फिरायला सपाट वाट आणि बसायला बाकडी आहेत, गुडघेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सकाळी सातला निघा, उन्हाच्या आत परत याल. रविवारी डोशाला सीटीआर हॉटेलात रांग असते. तिथं नाव तुम्ही लावा, त्यांना उभं करू नका. उरलेलं प्रश्नोत्तरांत बोलू, माईक आता मागच्या रांगेतल्या काकांकडे द्या, ते मघापासून हात वर करून बसलेत.