रावेरची केळी, दुबईची कंपनी

[दृश्य : सावद्याजवळचे पॅकहाऊस. केळीच्या फण्या पाण्याच्या हौदातून पुढे सरकताहेत.]

रावेर, यावल, सावदा. इथली केळी धुऊन, खोक्यांत भरून, साडेतेरा अंशांवर ठेवलेल्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून न्हावाशेव्याला जातात आणि तिथून आखातात. एका कंटेनरमध्ये साधारण वीस टन माल. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 च्या जूनमध्ये तांदलवाडीचा मानांकित माल दुबईला रवाना झाला. पण दुबईच्या जबल अली बंदरात कंटेनर उघडला की सूत्रे तिथल्या आयातदाराच्या हातात. डाग पडलेत, माल वाटेतच पिकला, असे सांगून त्याने भाव कापला, तर इथे बसून मोबाईलवर फोटो पाहण्याखेरीज फारसे काही करता येत नाही. म्हणून प्रश्न येतो : ती आयातदार कंपनीच आपली असली तर?

"भो, दोन दिवसांत लायसन्स हातात," एजंट सांगतो. खोटे नाही ते. फक्त लायसन्स कशाचे, हे आधी विचारावे.

जबल अली किंवा रास अल खैमाच्या रजिस्ट्रीत नोंदवलेली ऑफशोअर कंपनी सर्वांत स्वस्त. तिला ऑफिस लागत नाही, नोंदणीकृत एजंट मात्र लागतो. तिच्यावर व्हिसा मिळत नाही आणि युएईच्या (संयुक्त अरब अमिरातीच्या) आत व्यापार करता येत नाही. शेअर किंवा मालमत्ता नावावर ठेवायला ती ठीक. केळीचा कंटेनर सोडवायला निरुपयोगी. फ्री झोन, म्हणजे खास व्यापारी क्षेत्रातल्या कंपनीला लायसन्स आणि व्हिसा दोन्ही मिळतात, पण दुबईतल्या अल अवीरच्या भाजीबाजारात थेट विकायचे तर बहुधा मध्ये कोणी स्थानिक परवानाधारक घ्यावा लागतो. उरते मेनलँड, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर नोंदवलेली कंपनी. तिथे 2021 पासून बहुतेक धंद्यांसाठी 51 टक्के स्थानिक भागीदाराची अट गेली आहे. ताज्या फळांचा घाऊक धंदा करायचा असेल तर आमच्या मते मेनलँडच घ्यावी, खर्च जास्त असला तरी.

[दृश्य : टेबलावर पासपोर्ट, पॅन कार्ड, शिक्क्यांचे कागद.]

कागद रावेरहूनच पाठवता येतात. मालक व्यक्ती असेल तर पासपोर्ट, फोटो आणि पत्त्याचा पुरावा. पॅनवर वडिलांचे नाव मधे, पासपोर्टवर ते गाळलेले, आधारवर आडनाव आधी, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. तो आधी मिटवावा, कारण पुढे बँक याच ठिकाणी फाईल परत करते. मालक भारतीय कंपनी असेल तर नोंदणीचा दाखला आणि संचालक मंडळाचा ठराव आधी नोटरीकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग युएईच्या दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. नुसत्या अपॉस्टिलवर (परदेशात चालणाऱ्या प्रमाणनाच्या शिक्क्यावर) तिथे भागत नाही.

खरी अडचण इथे, आपल्या बाजूला आहे. परदेशातल्या बिगर-सूचीबद्ध (शेअर बाजारात नसलेल्या) कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते आणि तिला ऑगस्ट 2022 चे परकीय चलन नियम लागू होतात. पैसे अधिकृत बँकेतूनच जायला हवेत. बँकेत फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून युआयएन (या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा, शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचे. दुबईतल्या मेहुण्याने लायसन्सचे पैसे भरले आणि नंतर हिशेब केला, हा इकडचा आवडता मार्ग. त्यात बँकेतून रक्कम गेल्याची नोंदच नसते, युआयएन अडतो, आणि नियमित करून घेईपर्यंत पुढचा पैसाही पाठवता येत नाही.

मर्यादा कोणती, हे फर्मवर ठरते. कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी फर्म निव्वळ मूल्याच्या 400 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. प्रोप्रायटरचे (एकट्या मालकाचे) पैसे मात्र व्यक्तीच्या मर्यादेत मोजले जातात : आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. त्यातही वर्षात 10 लाख रुपयांच्या वर जाणाऱ्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर भांडवल अडकते.

[दृश्य : जबल अली बंदर, क्रेनखाली कंटेनरची रांग.]

लायसन्स दोन दिवसांत आले, तरी बँक खात्याला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत लागू शकतात. बँकेला भारतातली सहा महिन्यांची स्टेटमेंट, जुनी बिले, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), खरेदीदारांची नावे दाखवावी लागतात. निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी असेल तर काम हलते. हा व्हिसा टिकवायला सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त युएईबाहेर राहू नये. आयडीची मुदत संपली की बँक खातेही अडवते, आणि नेमका तेव्हाच कंटेनर बंदरात पडलेला असतो.

कर शून्य, हे आता जुने झाले. जून 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कर आहे. नव्या कंपनीने स्थापनेपासून तीन महिन्यांत कर नोंदणी केली नाही, तर 10,000 दिरहम दंड. नफा नसला तरी नोंदणी चुकत नाही. व्हॅट 5 टक्के, आणि तो केळीलाही लागतो.

रावेरची फर्म आपल्याच दुबईच्या कंपनीला माल विकते, तेव्हा भाव परक्या गिऱ्हाईकाला लावला असता तितकाच असावा लागतो. खोके इथून सहा डॉलरला आणि तिथून नऊला, असे दाखवायचे तर मधल्या तीन डॉलरचे काम दिसले पाहिजे : पिकवणी, गोदाम, उधारीची जोखीम. शिवाय सगळे निर्णय सावद्यातूनच होत असतील तर ती कंपनी भारतातच निवासी ठरू शकते. वर्षाला 50 कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीला 2017 च्या परिपत्रकाने यातून वगळले आहे.

दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत बँकेत वार्षिक कामगिरी अहवाल, मालक भारतीय कंपनी, एलएलपी किंवा भागीदारी फर्म असेल तर 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेकडे एफएलए (परदेशी देणी आणि मालमत्तेचे) विवरण. उशीर झाला की अहवालामागे 7,500 रुपये. प्राप्तिकर विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची अनुसूची एप्रिल-मार्चची नसून जानेवारी-डिसेंबरची असते. ती चुकली तर 10 लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

धंदा जमला नाही म्हणून लायसन्स नुसते सोडून देऊ नये. नूतनीकरणाचा दंड साचत राहतो. कंपनी रीतसर गुंडाळून घ्यावी, उरलेले पैसे 90 दिवसांत भारतात आणावेत, आणि ते आल्यावर 30 दिवसांत बँकेला कळवून युआयएन बंद करून घ्यावा.