चहाची पुरचुंडी

(दृश्य: सकाळचं स्वयंपाकघर. ओट्यावर भिजलेल्या काबुली चण्यांचं पातेलं, शेजारी कुकर.)

रात्री भिजत घातलेले पाव किलो काबुली चणे सकाळी फुगून पातेलंभर झालेत. आई ते कुकरमध्ये ओतते. मीठ घालते, चिमूटभर सोडा घालते. मग डब्यातून मलमलचा एक तुकडा काढते, धुऊन धुऊन विरविरीत झालेला. त्यावर दोन चमचे चहाची पूड, दोन लवंगा, एक मसाला वेलची, बोटभर दालचिनी. चारही टोकं उचलून दोऱ्याने घट्ट गाठ मारते. झाली पुरचुंडी. ती चण्यांत बुडते आणि कुकरचं झाकण लागतं.

लहानपणी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईचं काहीतरी चुकतंय असंच मला वाटलं होतं. चहा आधणात पडतो, गाळणीतून कपात जातो. तो कुकरमध्ये काय करतोय?

"अगं आई, छोल्यांत चहा कशाला?"

"रंगाला," ती म्हणाली. "चहा नाही घातला तर छोले पांढुरके दिसतात. खावेसे वाटत नाहीत."

उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं शोधताना मी चहाकडे पेय म्हणून बघायचं सोडलं आणि भाजीसारखं, मसाल्यासारखं एक पान म्हणून बघायला लागलो.

(दृश्य: काचेच्या पेल्यात कोरा चहा. दूध नाही, साखर नाही.)

हा कोरा चहा जरा जास्त उकळलेला आहे. घोट घेतला की जीभ आक्रसते, गाल आतून कोरडे पडतात. तो तुरटपणा. चहाच्या ताज्या पानातला सुकलेला ऐवज धरला, तर त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांचा असू शकतो. ही द्रव्यं तोंडातल्या लाळेच्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून जीभ खरखरीत लागते. चहात दूध घातलं की त्यांना चिकटायला दुधातली प्रथिनं मिळतात आणि जिभेची सुटका होते. आपला रोजचा चहा म्हणजे पानाचा तुरटपणा दुधाखाली आणि साखरेखाली झाकून ठेवलेला चहा.

पण तुरट ही काही टाकायची चव नाही. आपल्याकडच्या षड्रसांत गोड, आंबट, खारट, तिखट, कडू यांच्या पंगतीला तुरट बसलेला आहेच. आवळा, जांभूळ, केळफुलाची भाजी, जेवणानंतरची सुपारी. केळफूल चिरून ताकाच्या पाण्यात टाकणाऱ्या बाईला तुरटपणा किती काढायचा आणि किती ठेवायचा, हे हाताला माहीत असतं. चहा घालून तिखटमिठाचा स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या प्रदेशांनी नेमकं हेच केलंय. कुणी तुरटपणा मुरवला, कुणी त्याची धुरी दिली, कुणी सावलीत वाढवून तो पानातच कमी केला.

(दृश्य: कुकरची वाफ जिरते. झाकण उघडतं. चणे तपकिरी झालेले.)

आधी आपले छोले बघू. म्हणजे पंजाबचे. रावळपिंडीचं नाव मिरवणारे पिंडी छोले कोरडे, काळपट, अनारदाण्याने आंबट. १९४७ च्या फाळणीनंतर त्या भागातली माणसं दिल्लीला आली, अमृतसरला आली, आणि मुंबईत शीव-कोळीवाड्याच्या पंजाबी कॅम्पातही आली. त्यांच्याबरोबर त्यांची चूलही आली. आज सांगली-साताऱ्याच्या घरातही वाढदिवसाला छोले-भटुरे होतात आणि कुठली तरी काकू चहाची पुरचुंडी टाकतेच.

चण्यांचा रंग बदलतो तो एकट्या चहाने नाही. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात चहा जास्त गडद होतो. याची उलट बाजू घरीच बघता येते. कोऱ्या चहात लिंबू पिळा, रंग डोळ्यांदेखत उतरतो. शिवाय पुष्कळ पंजाबी घरांत छोल्यांचा मसाला लोखंडी कढईत परततात. तिथे चहातली पॉलिफेनॉल द्रव्यं आणि लोह एकत्र येऊन काळा रंग धरतात. ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. विळीवर आवळा चिरला की फोड काळी पडते, तेच हे. रंगारी हिरडा आणि लोखंड वापरून कापडाला काळा रंग चढवतात, तेही हेच. काही घरांत चहाऐवजी सुका आवळा पुरचुंडीत बांधतात. वस्तू वेगळी, करामत एकच.

पण मला रंगापेक्षा चव महत्त्वाची वाटते. चहातल्या तुरट द्रव्यांना कुकरमध्ये धरायला चण्यांची प्रथिनं असतात, जशी कपात दुधाची असतात. म्हणून छोले खाताना जीभ आक्रसत नाही. चण्याच्या पिठूळ गोडीला मागून एक धार येते, एवढंच. ती धार नसेल तर अनारदाणा आणि आमचूर नुसतेच आंबट लागतात. आणि हे आंबट घालायचं ते चणे पूर्ण शिजल्यावर. आधी घातलं तर कडधान्य दडदडीत राहतं, कितीही शिट्ट्या काढा.

इथे एक काळजी सांगायलाच हवी. चहातली हीच द्रव्यं चण्यातलं लोह अंगी लागू देत नाहीत. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने ती अडचण बरीच कमी होते. तेव्हा छोल्यांच्या ताटलीत कांद्यासोबत ठेवलेली लिंबाची फोड शोभेची समजू नका, पिळा.

(दृश्य: उकडलेलं अंडं. चमच्याच्या पाठीने कवचाला हलके टोले. कवच तडकतं, पण सुटत नाही.)

चीनमध्ये आणि तैवानमध्ये हे अंडं रस्त्याच्या कडेला मिळतं, स्टेशनवर मिळतं, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतही मिळतं. उकडलेल्या अंड्याचं कवच तडकवायचं आणि ते कोरा चहा, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी यांच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचं. तासाभरात चव लागते, रात्रभर त्याच पाण्यात राहिलं तर आणखी छान. सोललं की पांढऱ्यावर तपकिरी रेघांची जाळी उमटलेली असते, संगमरवरासारखी. जिथे तडा, तिथे चहा.

सिचुआन प्रांतात चहाची धुरी देतात. बदकाला मीठ-मिरे चोळून मुरवायचं, मग कापराच्या झाडाची पानं आणि चहा यांच्या धुरात ठेवायचं, नंतर वाफवायचं आणि शेवटी तळायचं. चार टप्पे, आणि प्रत्येकाचं काम निराळं. धुराने वास येतो, वाफेने मांस मऊ होतं आणि चरबी सुटते, तळल्यावर कातडी कुरकुरीत होते. वांग्याच्या भरिताला किंवा डाळीला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देणाऱ्या हातांना हे परकं वाटू नये. घरी करून पाहायचं असेल तर जुन्या कढईच्या तळाला ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर चहापत्ती, तांदूळ आणि साखर समसमान. वर जाळी, जाळीवर पनीर. साखर करपू लागली की झाकण घट्ट लावा आणि खिडकी उघडी ठेवा. दहा मिनिटं पुरे. जास्त ठेवलं की पनीर कडू होतं.

जपानमध्ये उरलेल्या भातावर गरम हिरवा चहा ओततात. वर खारवलेलं उमे नावाचं आंबट फळ, नोरी म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे तुकडे, तीळ. याला ओचाझुके म्हणतात. आपल्या ताकभातासारखं जेवण. रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाचं, ताप उतरलेल्या माणसाचं. १९५२ सालापासून तिथे त्याचा मसाला पाकिटातही मिळतो. जपानी चहाची एक गंमत अशी, की ग्योकुरो नावाचा उंची चहा खुडणीआधी सुमारे तीन आठवडे सावलीत ठेवतात. सावलीत पानातलं थिॲनिन हे द्रव्य टिकतं, तुरटपणा कमी बनतो, आणि पानाला भाजीच्या दाट सारासारखी चव येते. क्योटोतल्या संशोधकांनी १९४९ साली थिॲनिन शोधलं ते याच ग्योकुरोत. हा चहा दोन-तीनदा पिऊन झाला की उरलेली पानं जपानी लोक सोया सॉस घालून खाऊन टाकतात.

(दृश्य: धुक्यातल्या डोंगरउतारावर चहाची झाडं. पाठीला टोपल्या लावलेल्या बायका.)

पान खाण्याची गोष्ट निघाली की ब्रह्मदेशात, आजच्या म्यानमारमध्ये, जावंच लागतं. माझ्या मते चहाचा सगळ्यात मोठा स्वयंपाक तिथे झालाय.

उत्तर शान राज्यातल्या नाम्सानच्या डोंगरांत पलाऊंग लोक राहतात. ते स्वतःला तआंग म्हणवतात. बाराव्या शतकात ब्रह्मदेशाच्या आलौंगसिथू राजाने आपल्या पूर्वजांना चहाचं बी दिलं, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे. तिथली कोवळी पानं खुडल्यावर थोडा वेळ वाफवतात, हाताने मळतात आणि बांबूच्या पेटाऱ्यांत किंवा जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत दाबून भरतात. वरून जड दगड. मग तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त, हात लावायचा नाही.

आत जे होतं त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: मुरणं. दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच जातीचे जिवाणू पानावर काम करतात. आंबटपणा चढतो, तुरटपणा उतरतो, हिरवा रंग जाऊन पिवळसर शेवाळी होतो. या मुरलेल्या पानाचं नाव लाफेत. ते धुऊन, पिळून, तेल, लसूण आणि मीठ लावून बाजारात येतं, आणि डोंगरातून खाली आलं की त्याची मोठी बाजारपेठ म्हणजे मंडाले.

(दृश्य: मंडालेचा नकाशा. मग रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या कमानी.)

मंडाले हे नाव मराठी घरांत चहामुळे पोचलेलं नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात ठेवलं होतं. आणि मंडालेचा राजा थिबा, ज्याचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये बुडवलं, त्याला १८८६ पासून रत्नागिरीत ठेवलं होतं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. एकाच्या गावात दुसऱ्याची कैद. इतका जुना संबंध असून मंडालेच्या ताटात काय असतं ते आपल्याला ठाऊक नाही, याची मला चुटपुट लागते.

(दृश्य: लाखकाम केलेला गोल डबा उघडतो. आत कप्पे.)

हा डबा बघून आपल्याला पानाचा डबा आठवेल. मधल्या कप्प्यात लाफेत. भोवतीच्या कप्प्यांत तळलेला लसूण, भाजलेले शेंगदाणे, तीळ, तळलेले वाल आणि वाटाण्याची डाळ, सुकट. तीन बोटांच्या चिमटीत प्रत्येकातलं थोडं थोडं घ्यायचं आणि तोंडात टाकायचं. पाहुणा आला की हा डबा पुढे येतो. पूर्वी लग्नकार्याचं आमंत्रणही लाफेत देऊनच करत, जशा आपल्याकडे अक्षता देतात. इंग्रजी अंमलाच्या आधी दिवाणी तंट्याचा निकाल लागला की दोन्ही पक्ष लाफेत खात. खाल्लं म्हणजे निकाल मान्य. त्यानंतर कुरकुर करायची सोय नाही.

हेच सगळं टोमॅटो, कोबी, हिरवी मिरची, लिंबू आणि शेंगदाण्याचं तेल घालून हाताने कालवलं की लाफेत थोक. थोक म्हणजे कालवलेलं. भातासोबत जेवणात, नुसतं मधल्या वेळी, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री जागायलाही. पान खाल्लं तरी त्यातलं कॅफीन पोटात जातंच. ब्रह्मी लोकांची एक म्हण आहे: फळांत आंबा, मांसात डुकराचं, पानांत लाफेत. पहिल्या दोन शब्दांवर कोकणातला माणूस लगेच सही करेल.

पानं मुरवून खाणारे हे एकटेच नाहीत. उत्तर थायलंडमध्ये अशाच पानाला मियांग म्हणतात आणि मिठाच्या खड्याबरोबर चघळतात. चीनच्या युन्नान प्रांतातले जिनुओ लोक ताजीच पानं चुरगाळून त्यात मीठ, लसूण, मिरची आणि पाणी घालतात. ही सगळी मंडळी चहाच्या झाडाच्या मूळ घराच्या आसपासची आहेत. दारात झाड असलेल्या माणसाला ते फक्त उकळून प्यावं असं कशाला वाटेल?

(दृश्य: पुन्हा आपलं स्वयंपाकघर. दुपार. छोल्यांची ताटली बाजूला.)

नाम्सानचं लाफेत पुण्यात माझ्या हाताशी नाही. पण सकाळी प्यायलेल्या हिरव्या चहाची पानं आहेत. जाड पत्तीचा चहा, पूड नव्हे. पानं दोनदा उकळत्या पाण्यात घातली, घट्ट पिळली, बारीक चिरली. लिंबू, मीठ, ठेचलेला लसूण आणि शेंगदाण्याचं तेल चोळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवली. हे मुरणं नव्हे, मुरण्याची नक्कल आहे. तरी कोबी, टोमॅटो, भाजलेले तीळ, तळलेली चणाडाळ आणि लसणाच्या कुरकुरीत चकत्या घालून मी ती कालवली.

आईने पुरचुंडी पिळून चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकला, हात पुसले आणि एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"तुरट आहे," ती म्हणाली. मग थांबून, "पण चांगलं तुरट. आवळ्यासारखं."

आणि ताटली स्वतःकडे ओढत म्हणाली, "दाण्यांचं कूट घाल अजून थोडं. आणि मिरची कुठाय?"