लोखंड झिजतं तसं पाणी निवळतं

(दृश्य : काचेचं भांडं. राखाडी, तेलकट पाणी. त्यात समोरासमोर दोन लोखंडी पट्ट्या.)

यंत्राचे सुटे भाग धुऊन उरलेलं हे पाणी. रात्रभर ठेवलं तरी निवळत नाही. यातले मातीचे कण, तेलाचे थेंब अतिशय बारीक, आणि सगळ्यांवर ऋण विद्युतभार. म्हणून ते एकमेकांना दूर लोटत राहतात. एकत्र येऊन जड होणं त्यांना जमतच नाही.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ती याचसाठी. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मोडतं. इथे ते काम लोखंडी पट्टी करणार आहे.

(वीज सुरू. कॅमेरा पट्ट्यांजवळ.)

नीट पाहा. ऋण पट्टीवरून हायड्रोजनचे बुडबुडे निघताहेत, धुराच्या रेघेसारखे. धन पट्टीवर वरकरणी सामसूम. पण तिथलं लोखंड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन पाण्यात उतरतंय. आधी हिरवट झाक येते, मग ती तांबूस होते आणि गंजाचे मऊ पुंजके दिसू लागतात. माती, तेल त्यांत अडकतं. काही पुंजके बुडबुड्यांबरोबर वर येतात, बाकीचे तळाशी बसतात. मध्ये नितळ पाणी!

हे इलेक्ट्रोकोॲग्युलेशन, म्हणजे विजेच्या मदतीने घाण साकळवणं. किती लोखंड उतरेल, याचा हिशेब मायकेल फॅरेडे यांच्या १८३४ च्या नियमांतून मिळतो : एक अँपिअर वीज तासभर दिली, तर साधारण एक ग्रॅम. पाणी निवळवणाऱ्या औषधाची मात्रा अशी विजेच्या बटणावर येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

विशेषतः आर्सेनिक या पाण्यात विरघळलेल्या विषासाठी. त्याला ना रंग, ना वास, ना चव. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. गंजाचे हेच पुंजके आर्सेनिकला पृष्ठभागावर धरून ठेवतात.

पट्टीवर ऑक्साइडचा थर चढतो, तेव्हा वीज जास्त लागते. मग अधूनमधून धन-ऋण टोकं उलटवतात. विरघळलेली काही सेंद्रिय रसायनं मात्र पुंजक्यांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी बोरॉनमिश्रित हिऱ्याचा लेप दिलेले इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणाऱ्या पट्ट्या, असतात. त्यांच्यावर तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, त्या रसायनांचे रेणूच तोडतात. पण पाण्यात क्लोराइड असेल तर क्लोरेट, परक्लोरेट ही घातक संयुगं तयार होऊ शकतात, म्हणून शुद्ध झालेलं पाणीही तपासावंच लागतं.

(दृश्य : भांड्याच्या तळाचा तांबूस गाळ.)

आणि हा गाळ. आर्सेनिक असलेलं पाणी असं शुद्ध केलं, तर ते आर्सेनिक अशाच गाळात येतं. तसा गाळ वाळवून, पाऊस-पाणी झिरपणार नाही अशा जागी बंदिस्त ठेवावा लागतो.