उत्तर सापडलं, पण उतारा कळला का?

नमस्कार श्रोतेहो. घरात नववी-दहावीचं कुणी असेल तर त्याला जरा रेडिओजवळ बोलवा. हातात मोबाईल असला तरी चालेल, हल्ली रेडिओ त्यातच असतो.

आज बोलायचंय इंग्रजीच्या उताऱ्याबद्दल. शाळेत ज्याला आपण अनसीन पॅसेज म्हणतो, तो. मराठी माध्यमाला इंग्रजी ही तिसरी भाषा. दहावीचा लेखी पेपर ८० मार्कांचा, आणि त्यात पुस्तकातल्या उताऱ्यांबरोबर एक पुस्तकाबाहेरचा उताराही येतो. पुस्तकातले उतारे मुलं गाईडवरून घोकून ठेवतात. बाहेरचा घोकता येत नाही. तरी बऱ्याच मुलांना त्यात बरे मार्क पडतात. मार्क पडतात आणि उतारा कळलेला नसतो! हे कसं काय जमतं, ते सांगतो.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवायचो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. निम्मी पोरं पहाटे बागेत राबून शाळेत यायची आणि तिसऱ्या तासाला डुलक्या घ्यायची. त्यांना मी कधी रागावलो नाही. तर, त्यांच्या वह्यांत उताऱ्याखालची उत्तरं बरोबर असायची, पण उतारा कशाबद्दल आहे विचारलं की वर्ग गप्प. म्हणून एक दिवस मी फळ्यावर इंग्रजी लिहिलंच नाही. मराठीत तीन ओळी लिहिल्या. सावकाश वाचतो, ऐका बरं का.

‘काल सकाळी भोमट टोमक्या झिंगलीवर चढला. झिंगली फार लपकी होती, म्हणून तो डमकला. त्याच्या आत्याने ओट्यावर बसल्या बसल्या ते पाहिलं आणि ती खूप कुचमली.’

खाली चार प्रश्न. टोमक्या कधी चढला? कशावर चढला? तो का डमकला? आत्याने काय केलं?

काल सकाळी. झिंगलीवर. झिंगली लपकी होती म्हणून. आत्या कुचमली. अख्ख्या वर्गाला चारपैकी चार! डुलक्या घेणाऱ्यांनासुद्धा. मग मी विचारलं, झिंगली म्हणजे काय रे? एकदम शांतता. एक जण म्हणाला, ‘सर, लिहिलं तुम्ही, तुम्हालाच माहीत.’ म्हटलं, मलाही माहीत नाही.

मग पाचवा प्रश्न टाकला. आत्याला वाईट वाटलं, की हसू आलं?

झाली गडबड सुरू. मुलींचं म्हणणं, कुचमली म्हणजे रडली. मुलांचं म्हणणं, रागावली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक गडी उठला. इंग्रजीत काठावर पास होणारा. म्हणाला, ‘सर, हसली.’

‘कशावरून?’

‘ती ओट्यावरून उठलीच नाही ना. आई असती तर धावली असती. आत्या आहे, हसलीच असणार.’

वर्ग फुटला हसून. फक्त पहिल्या बाकावरच्या एका मुलीला हे अजिबात पटलं नाही, कारण तिची आत्याच आमच्या शाळेत मराठी शिकवायची. मधल्या सुट्टीत त्या बाईंनी मला गाठलं आणि विचारलं, ‘सर, नववीत आत्यांवरून काय चाललं होतं?’ पण ते नंतर. तो गडी थांबायला तयार नव्हता. म्हणाला, ‘चढला म्हणजे झिंगली उंच असणार. शिडी नाहीतर भिंत नाहीतर झाड. आणि डमकला म्हणजे पडला. लपकी म्हणजे निसरडी.’ दुसऱ्याने लगेच हरकत घेतली, ‘डुगडुगती पण असेल की!’ दोघंही माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, दोन्ही बसतं. याच्यापुढचं उताऱ्यात नाही, तेव्हा तिथे थांबायचं.

बघा श्रोतेहो, चार उत्तरं सापडली तेव्हा उतारा कुणालाच कळला नव्हता. पाचव्या प्रश्नाला तो कळायला लागला. उत्तर सापडणं वेगळं, उतारा कळणं वेगळं. पहिल्या चार प्रश्नांत पोरांनी प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकला आणि शेजारचे शब्द उतरवले. पाचव्याला तसं हुडकायला काही नव्हतं. तिथे ‘म्हणून’ काय सांगतं ते बघावं लागलं, आत्या काय करत नाही ते बघावं लागलं, आणि आपल्या घरच्या आत्याही आठवाव्या लागल्या.

इंग्रजीतही हेच करायचं. पेन्सिल घ्या आणि बट, सो, बिकॉज, ऑलदो या शब्दांना गोल करा. अडलेल्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा या गोलाच्या अलीकडे-पलीकडे असतो. शब्द अडला की लगेच मोबाईलवर अर्थ बघू नका. आधी अंदाज बांधा, वाक्य पुरं वाचा, मगच बघा.

आता सरावाला उतारा कुठला घ्यायचा? इथे माझं आणि क्लासवाल्यांचं जमत नाही. नाशकात कॉलेज रोडला क्लासवाले प्रत्येक खांबावर गुणवंतांचे फोटो लावतात. त्यांच्या वाचनाचा फोटो काही कुणी लावत नाही, असो. क्लासमध्ये पेंग्विनवरचा उतारा देतात, हिमनद्यांवरचा देतात. अहो, पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पोराला द्राक्षावरचा द्या! प्रूनिंग म्हणजे छाटणी, थिनिंग म्हणजे विरळणी, घड द्रावणात बुडवायचं ते डिपिंग, साखर मोजायचं ते ब्रिक्स, माल जातो तो कंटेनर, हे शब्द तो घरातच ऐकतो. लासलगावच्या पोराला कांद्याच्या निर्यातीची बातमी द्या, इंग्रजी पेपरातली.

हा माझा नुसता हट्ट नाही. १९८८ साली अमेरिकेत रेख्त आणि लेस्ली या दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. मग लाकडी खेळाडू मैदानाच्या नमुन्यावर हलवून त्यांना तो डाव दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्क्या, पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. विषय ओळखीचा असला की भाषा कमी अडवते.

दुसरी गोष्ट, शब्दांचं प्रमाण. पॉल नेशन हे शब्दसंग्रहावर काम केलेले मोठे अभ्यासक. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांच्या संशोधनात दिसलं. म्हणजे शंभर शब्दांत अडणारे दोन. शंभरात वीस अडत असतील तर तो उतारा बाजूला ठेवा आणि सहावी-सातवीचं इंग्रजीचं पुस्तक काढा. त्यात लाज कसली? आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, घरात धाकट्या भावंडांची पुस्तकं पडलेली असतात. शाळेतही गोष्टींची पुस्तकं असतात म्हणा, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडसरांकडे. ज्या नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे, तिथल्या शाळांनी कपाटं बंद ठेवावीत, हे मला पटत नाही. जाऊ द्या.

आता घरच्यांसाठी. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर फारच छान. मुलाला उतारा वाचू द्या, पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, काय होतं त्यात, मला मराठीत सांग. मध्ये अडवून विचारा, ‘का बरं? तुला कसं कळलं?’ बस, एवढंच. त्याला सांगता आलं तर उतारा कळला. ‘त्यात ना, ते, एक माणूस असतो’ इथेच गाडी अडली तर पुन्हा वाचायला लावा. भाजी निवडता निवडता होण्यासारखं काम आहे.

परीक्षेत प्रश्न आधी वाचावेत की उतारा, हे मला दर वर्षी विचारतात. माझं म्हणाल तर प्रश्नांवरून एक नजर फिरवा, मग उतारा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाचा, मग पुन्हा प्रश्न. आणि ज्या प्रश्नात तुम्हाला काय वाटतं असं विचारलंय, तो कोरा सोडू नका. उताऱ्यातलं एक कारण आणि आपलं एक वाक्य लिहा. नमस्कार.