प्रभूच्या मेजाभोवती

पडद्यावर दिसणारे हे मेज अगदी साधे आहे. त्यावर पांढरे वस्त्र अंथरलेले आहे, एक भाकर ठेवली आहे आणि शेजारी एक प्याला आहे. कोणी या विधीला प्रभुभोजन म्हणतात, कोणी पवित्र सहभागिता, तर कोणी मिस्सा. परंतु ही सारी नावे एकाच रात्रीची आठवण सांगतात. त्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, आणि योहानाच्या शुभवर्तमानानुसार त्याच रात्री त्याने पित्याजवळ मागणे केले की, आपल्या लोकांनी एक व्हावे, म्हणजे जग विश्वास ठेवील. पुढे करिंथ येथील मंडळीला लिहिताना पौलाने म्हटले की, भाकर एकच असल्यामुळे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. ख्रिस्ती ऐक्याची गोष्ट परिषदांच्या ठरावांतून सांगता येते, पण आम्ही ती या मेजावरून सांगणार आहोत, कारण पंथभेदाची जखम सर्वांत जास्त याच जागी दुखते.

१६ जुलै १०५४ रोजी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथील हागिया सोफिया या महामंदिरात पोपचे दूत कार्डिनल हंबर्ट यांनी तेथील कुलगुरू, म्हणजे तेथील मंडळीचे प्रमुख धर्माध्यक्ष, मायकल सेरुलारियस यांच्यावरील बहिष्काराचे पत्र ठेवले, आणि ते ठेवण्यासाठी त्यांनी वेदीचीच जागा निवडली. पोपचा अधिकार, विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, घातलेला एक शब्द असे अनेक वाद त्यामागे होते. तथापि त्या वर्षी सर्वाधिक शाई खर्च झाली ती भाकर खमिराची असावी की बेखमीर, या प्रश्नावर. पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) आणि पश्चिमेकडील (कॅथलिक) मंडळ्या एका दिवसात वेगळ्या झाल्या नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. १२०४ मध्ये पश्चिमेकडून आलेल्या क्रूसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले, त्या आठवणीने दुरावा जितका पक्का झाला तितका तो कोणत्याही पत्राने झाला नसेल.

पुढे धर्मसुधारणेच्या काळात पश्चिमेत फूट पडली तेव्हाही वाद मेजाशीच येऊन थांबला. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधील सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये ‘हे माझे शरीर आहे’ असे लिहिले आणि त्या शब्दांपासून तो हलला नाही. झ्विंगलीच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’ असा अर्थ होता. पंधरा मुद्द्यांपैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचे एकमत झाले होते. पंधराव्याचाही बराचसा भाग दोघांना मान्य होता, पण भाकरीत ख्रिस्त कोणत्या रीतीने उपस्थित असतो या एका प्रश्नावर ते वेगळे झाले. दोघांचेही प्रभूवर प्रेम होते आणि दोघेही प्रभूच्याच शब्दाला धरून होते, हे लक्षात घेतले की ही घटना अधिकच जड वाटते.

त्यांच्या वारसदारांना परत एका मेजाजवळ यायला ४४४ वर्षे लागली. १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळच्या लॉयनबर्ग येथे युरोपातील ल्यूथरन, रिफॉर्म्ड (झ्विंगली व इतर सुधारकांच्या परंपरेतील) आणि या दोन्हींच्या मीलनातून झालेल्या संयुक्त मंडळ्यांनी एक करार संमत केला. सोळाव्या शतकात एकमेकींवर केलेले दोषारोप आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे त्यांनी त्यात मान्य केले आणि एकमेकींचे व्यासपीठ व प्रभुभोजन परस्परांना खुले केले. कोणत्याही मंडळीला आपला विश्वासांगीकार सोडावा लागला नाही. ऐक्य म्हणजे एकसारखेपणा नव्हे, हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. त्याला प्रत्यक्ष रूप कसे येते ते या कराराने दाखवले.

याहून मोठे धाडस मात्र भारतात आधीच होऊन गेले होते. १९१९ मध्ये तमिळ प्रदेशातील तरंगमबाडी येथे वेगवेगळ्या पंथांचे काही धर्मसेवक एकत्र आले, आणि त्यांत भारतातील पहिले भारतीय अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) बिशप वेदनायकम सॅम्युअल अझरिया प्रमुख होते. आपल्यातील फाटाफूट आपण केलेली नसून ती बाहेरून आपल्यावर लादली गेली आहे, आणि तिच्यामुळे आपली साक्ष दुबळी होते, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. इंग्लंड किंवा स्कॉटलंडच्या इतिहासात जन्मलेली भांडणे भारतातील विश्वासणाऱ्याने पिढ्यानपिढ्या का सांभाळावीत, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते. तरीही वाटाघाटी अठ्ठावीस वर्षे चालल्या.

अडचण धर्मसेवकांच्या दीक्षेची होती. अँग्लिकनांच्या दृष्टीने बिशपच्या हस्तारोपणाने दीक्षा मिळालेला सेवकच प्रभुभोजनाचे पौरोहित्य करू शकत होता, तर बिशप नसलेल्या प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट परंपरांच्या सेवकांना पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे आपली आजवरची सेवा खोटी ठरवणे वाटत होते. शेवटी निघालेला मार्ग धीराचा होता. त्या वेळचे सर्व सेवक पुन्हा दीक्षा न घेता स्वीकारले जातील, यापुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हातून होतील, आणि ज्या सेवकाला एखाद्या स्थानिक मंडळीचा विवेक मान्यता देत नाही, तो तिच्यावर लादला जाणार नाही, असे ठरले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ची स्थापना झाली. बिशप असलेल्या आणि बिशप नसलेल्या परंपरा एका मंडळीत विलीन झाल्याचे असे उदाहरण जगाने त्याआधी पाहिले नव्हते. अझरिया मात्र तो दिवस पाहू शकले नाहीत. १९४५ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या मीलनातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभी राहिली. तेथे बाप्टिस्टही सामील झाले, आणि म्हणून बालकांचा बाप्तिस्मा व स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही रीतींना एकाच मंडळीत जागा मिळाली.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची वाट वेगळी आहे. जानेवारी १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आणि कुलगुरू अथेनागोरस यांनी जेरुसलेममध्ये एकमेकांना आलिंगन दिले, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी १०५४ चे परस्परबहिष्कार स्मृतीतून दूर केल्याचे दोन्ही बाजूंनी जाहीर झाले. पण मेज एक झाले नाही. या परंपरांच्या श्रद्धेनुसार प्रभुभोजनातील सहभाग हे पूर्ण झालेल्या ऐक्याचे चिन्ह आहे. ऐक्य नसताना ते चिन्ह दाखवले तर ते सत्याला धरून होत नाही. याउलट अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणतात की, यजमान प्रभू स्वतः आहे, मग त्याने बोलावलेल्याला अडवणारे आपण कोण? आमच्या मते या दोन्ही भूमिकांमागे त्या भाकरीविषयीचा आदरच आहे, आणि म्हणूनच घाई करणाऱ्याने समोरच्याला हटवादी ठरवू नये व थांबणाऱ्याने समोरच्याला उथळ समजू नये.

दार कधीकधी किलकिले होते. १९८४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि सिरियन ऑर्थोडॉक्स कुलगुरू झक्का पहिले यांनी एक संयुक्त घोषणा केली. ज्यांना आपल्या मंडळीचा धर्मगुरू मिळणे अशक्य आहे, त्यांनी दुसऱ्या मंडळीच्या धर्मगुरूकडून भाकर स्वीकारावी, अशी मुभा तिने दिली. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी निर्णय देणाऱ्या ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेपासून दुरावलेल्या दोन मंडळ्या पंधराशे वर्षांनी, संकटात असलेल्या सामान्य माणसाच्या गरजेपोटी, इतक्या जवळ आल्या.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी विश्वासाद्वारे नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त जाहीरनामा केला. ज्या मुद्द्यावरून धर्मसुधारणेचा वणवा पेटला, त्याच्या मूलभूत सत्यांवर सहमती झाली, तरी दुसऱ्या रविवारी दोन्ही मंडळ्यांतील कुटुंबे पूर्वीसारखीच वेगवेगळ्या मेजांकडे गेली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधील ल्यूथरन चर्चमध्ये गेले असता, कॅथलिक पुरुषाशी विवाह झालेल्या एका ल्यूथरन स्त्रीने त्यांना विचारले की, आम्ही दोघे एकत्र प्रभुभोजन कधी घेऊ शकू? पोपनी नियम सांगितला नाही आणि परवानगीही दिली नाही. प्रभूशी बोला आणि पुढे जा, याहून अधिक बोलण्याचे धाडस मी करणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ज्या घरात पती आणि पत्नी एकाच ताटातले खातात, एकत्र प्रार्थना करतात, मुलांना एकच प्रभू शिकवतात, त्या घरासाठी हा प्रश्न विद्वानांच्या चर्चेचा राहत नाही. आता पडद्यावर रविवारची उपासना सुरू आहे. रांग पुढे सरकते आहे. पती हात पुढे करून भाकर घेतो, आणि त्याच्या मागे उभी असलेली पत्नी दोन्ही हात छातीवर दुमडून फक्त आशीर्वाद घेते व त्याच्या शेजारी परत येऊन बसते.