धक्का आणि दचक

छात्रमित्रांनो, धुळे-जळगावकडच्या छात्रसेनेच्या शिबिरांत फायरिंगच्या दिवशी हमखास कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘रायफल लाथ मारते’. नेम चुकला की खापर या लाथेवर फोडले जाते आणि खरा दोष तसाच राहतो, म्हणून आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफलीची गोळी साधारण ११ ग्रॅमची असते आणि नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर असतो. गोळीला पुढे लोटणारा वायू चार किलोच्या रायफलीला मागे लोटतो; परंतु गोळी नळीत असते ती जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंद, आणि तेवढ्या वेळात रायफल दोन-तीन मिलिमीटरच मागे सरकते. खांद्याला जाणवणारा खरा दणका त्यानंतरचा. आवाजाने दचकून पापणी मिटायलादेखील तीस-चाळीस सहस्रांश सेकंद लागतात. तेव्हा बार ऐकून दचकलो आणि म्हणून गोळी खाली गेली, हे घडूच शकत नाही. सुई टोचण्याआधीच दंड आखडावा, तसे चाप दाबता दाबता शरीर येणाऱ्या दणक्याला आधीच उत्तर देते. डोळा मिटतो, खांदा पुढे रेटला जातो, बोट चापाला हिसका देते आणि नळीचे तोंड खाली जाते.

माझ्या पहिल्या फायरिंगला गोळ्या टार्गेटखालच्या मातीत गेल्या, तेव्हा मला सर्वांसमोर घाबरट म्हटले गेले. त्या शब्दाने पुढची दोन वर्षे मी दणक्याबरोबर हशाचीही वाट पाहू लागलो आणि दचक वाढली. म्हणूनच आग्रहाने सांगतो, की दचकणे हा भित्रेपणा नव्हे. ती शरीराला लागलेली सवय आहे आणि सवय मोडता येते.

ती आधी दिसली मात्र पाहिजे, कारण दणक्याच्या हालचालीत ती झाकली जाते. नंदुरबारकडची एक छात्रा ‘मी हलतच नाही’ म्हणून ठाम होती. मी तिच्या नकळत खऱ्या काडतुसांत एक डमी, म्हणजे बार न उडणारे काडतूस मिसळले. तिसऱ्या वेळी चाप दाबला, नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, आणि स्थिर राहायला हवे होते ते नळीचे तोंड चांगले बोटभर खाली गेले. ती कितीतरी वेळ नळीकडेच पाहत राहिली. मीही काही बोललो नाही. तिला आता माझ्या सांगण्याची गरज नव्हती.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. कानांत चांगले प्लग घालावेत, कारण दचकण्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. पॉइंट टू-टू (.२२) या हलक्या रायफलीचा रेटा थ्री-नॉट-थ्रीच्या जवळपास दहाव्या हिश्शाएवढाच, तरी तिच्यावरही मुले दचकतात ती बव्हंशी आवाजाने. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवावा. सैल धरलेली रायफल आधी सुटते आणि मग आपटते. रिकाम्या रायफलीवर, चेंबर (काडतूस बसते ती जागा) दोनदा तपासून, रोज वीस-पंचवीस वेळा चाप सावकाश दाबावा आणि ‘टक्’ झाल्यावरही पुढची माशी, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची नेम धरायची खूण, जागेवर आहे का, ते उघड्या डोळ्यांनी पाहावे. त्या छात्रेने तीन आठवडे एवढेच केले. पुढच्या वेळी डमी आले तेव्हा तिची माशी जागची हलली नाही, आणि ‘उस्ताद, काडतूस फुसके निघाले,’ असे तिनेच मला सांगितले.